आंबेदऱ्याची झुळूक

घरोघरी तांदूळ निवडतात तशी केतकी ढोबळे वारा निवडत असे. तांदळात खडा राहिला तर जेवताना घरातल्याच कुणाच्या तरी दाताखाली येतो. वाऱ्यात राहिला तर कुठल्या गावाच्या वाट्याला येईल सांगता येत नाही, असं ती ऑफिसात नव्याने आलेल्या मुलांना पहिल्या दिवशी सांगायची. मुलं ते वहीत उतरवून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी विसरायची. छत्तीस वर्षांच्या केतकीला माणसांबद्दल फारशा अपेक्षा उरल्या नव्हत्या. आकड्यांबद्दल होत्या.

वर्षाचे तास आठ हजार सातशे साठ. एखाद्या धुराड्यातून निघालेला वायू किती उंच चढेल, कुठे जाईल आणि किती पातळ होऊन कुणाच्या नाकात शिरेल, हे गणिताने काढायचं तर यातल्या प्रत्येक तासाची हवा हाताशी लागते. वारा किती, कुठून, ऊन किती, ढग किती, जमिनीपासून किती उंचीपर्यंत हवा घुसळली जाते आहे, हे सगळं. केंद्रांवरून येतो तो माल ओबडधोबड असतो. कुठे यंत्र बंद पडलेलं, कुठे वारा मोजणाऱ्या यंत्राच्या वाट्यांत कावळ्याने काड्या आणून ठेवलेल्या, कुठे सबंध श्रावणभर एकच आकडा. तो माल साफ करायचा, रिकामे तास भरायचे आणि गणितापुढे वाढायचं, हे पुण्यातल्या त्या कंपनीचं काम. आणि ते करणाऱ्या प्रणालीचं नाव ‘भरणी’.

भरणी येण्याआधी एक जुनी अडचण होती. या गणितात वाऱ्याचा वेग भागाकारात खाली बसतो. वारा पडला की शून्याने भागायची पाळी येते आणि गणित हात वर करतं. म्हणून जुन्या प्रणाली वारा पडलेले तास सरळ बाजूला काढून ठेवायच्या. म्हणजे धूर जिथल्या तिथे बसून राहतो, नेमके तेच तास हिशेबाबाहेर. पंगतीतल्या सगळ्यात भुकेल्या माणसाला उठवून लावावं आणि मग सगळे पोटभर जेवले म्हणावं, तशातली गत. यावर बरीच ओरड झाली, समित्या बसल्या, आणि भरणी आली. ती शिकत असे. जुनी नोंद वाचून अमुक जागी, अमुक थंडीत, अमुक वेळी वाऱ्याचा स्वभाव काय हे ती ओळखे आणि रिकामा किंवा संशयास्पद तास त्या स्वभावाप्रमाणे भरून टाके.

तिच्या भरवशावर तीन वर्षांपूर्वी तासपरवाना सुरू झाला. कारखान्याला वर्षाची सरसकट मर्यादा उरली नाही. हवा वाहून नेत असेल त्या तासाला सोडा, नेत नसेल त्या तासाला थांबा. परवाना द्यायला माणूस ठेवलेला नव्हता. दर तासाला आकडे यायचे आणि कारखान्यातला दिवा हिरवा नाही तर तांबडा व्हायचा. तोच रंग गावातल्या लोकांना मोबाइलवरही दिसे.

शिकायला भरणीला एक नमुना लागे. डोंगरांमधल्या दऱ्यांसाठी तो नमुना आंबेदऱ्याचा निवडला गेला, कारण तशी नोंद राज्यात दुसरी नव्हती. एकतीस वर्षं, एकही तास कोरा नाही, एकही खाडाखोड नाही. निरीक्षक, सुधाकर विठोबा ढोबळे. केतकीचे वडील. ते निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती. त्यांच्या जागी माणूस नेमला गेला नाही, आपोआप नोंद पाठवणारं यंत्र बसलं. अण्णा तिथेच, केंद्रामागच्या दोन खोल्यांत राहत होते.

“ढोबळ्यांच्या घरात वारा पाणी भरतो गं,” विभागप्रमुख नाडगौडा मॅडम म्हणायच्या. केतकीला ते आवडायचं आणि आवडतं हे दिसू नये म्हणून ती स्क्रीनकडे बघायची. तिने ती नोंद स्वतः कधी तपासली नव्हती. घरचं काय तपासायचं?

तपासायची वेळ आली ती कार्तिकात. आंबेदऱ्यातल्या रसायनांच्या कारखान्याला वायू धुणारी यंत्रणा रोज तीन तास साफसफाईसाठी बंद ठेवायची होती. तेवढा वेळ गंधकाचा वायू न धुता बाहेर जाणार. भरणीने त्यासाठी वेळ सुचवली पहाटे चार ते सात. हिशेब सोपा होता. पहाटे दरीत सेकंदाला एक पूर्णांक सात मीटरची झुळूक असते, म्हणजे तासाला सहा किलोमीटर. दरी अकरा किलोमीटरची. ऊन तापायच्या आत वायू दरीबाहेर. दाखल्यावर तयारी करणाऱ्याची सही लागे. केतकीने सही केली.

सही केल्यावर ती तशीच बसून राहिली. एक पूर्णांक सात. हा आकडा कुठून ओळखीचा वाटतो आहे ते तिला कळेना. तिने नोंद उघडली आणि पहाटेचे तीन तास वर्षांप्रमाणे लावले. पहिली पंधरा वर्षं १.२ आणि १.४ आलटून पालटून, जसं रांगोळीच्या किनारीचं नक्षीकाम. शेवटची दहा वर्षंही तशीच. मधली पाच-सहा वर्षं मात्र वेगळी. तिथे १.७ चं पीक आलेलं. दहातल्या चार पहाटा एक पूर्णांक सात, आणि भरणी शिकली होती ती मुख्यतः याच वर्षांवर.

त्या वर्षांत केतकी आठ ते तेरा वर्षांची होती. त्यानंतर ती तालुक्याला वसतिगृहात गेली.

तिने लॅपटॉप मिटला आणि शनिवारची एसटी पकडली.

*

आंबेदऱ्यात ती उतरली तेव्हा अण्णा शाळेच्या गोडांबे बाईंशी बोलत उभे होते. शाळा केंद्राच्या खालीच, हाकेच्या अंतरावर. गोडांबे बाई मुख्याध्यापिका, आणि रोज सकाळी अण्णांकडून आजचं तापमान घेऊन फळ्यावर लिहिणाऱ्या जगातल्या एकमेव व्यक्ती.

“लेकीला सुट्टी दिसतेय,” बाई म्हणाल्या.

“सुट्टी कसली. आली की काहीतरी तपासायलाच येते. मागच्या खेपेला माझं कोलेस्टेरॉल तपासलं.”

पहाटे साडेपाचला ती उठली तेव्हा अण्णा चहा गाळत होते. एकाहत्तर वर्षांचा माणूस, निवृत्त होऊन तेरा वर्षं झालेला, तरी मफलर गुंडाळून, खिशाला पेन लावून तयार.

“अण्णा, पहाटेचे आकडे.”

“कुठले?”

“चार ते सातचे. एकतीस वर्षांचे.”

अण्णांनी तिच्या कपात चहा ओतला, मग स्वतःच्या. साखरेचा डबा बंद केला, पुन्हा उघडला.

“यंत्राच्या कागदावर पेनाची रेघ सपाट असायची,” ते म्हणाले. “पहिल्या हिवाळ्यात मी इमानदारीत शून्य लिहिलं. महिन्याचं पत्रक जिल्ह्याहून परत आलं. लाल शाईत. यंत्र तपासा, खुलासा करा. खुलासा म्हणजे तीन प्रतींत, तासागणिक वेगळा, आणि तो द्यायला स्वतः जायचं. जाऊन आलो. पुढच्या महिन्यात पुन्हा परत. तिसऱ्या महिन्यात एक पॉइंट दोन लिहिलं. पत्रक मंजूर.”

“आणि एक पॉइंट सात?”

अण्णा पहिल्यांदा हसले. “मला काय विचारतेस? तुला सात काढायला आवडायचा. त्याच्या आकड्याला झोका आहे म्हणायचीस. मी विचारायचो, केतू, आकडा सांग गं एक पॉइंटच्या पुढचा. तू पाटीवर काढून दाखवायचीस.”

केतकीचा चहा गार झाला.

“बाहेर चल,” ते म्हणाले.

केंद्राच्या ओट्यावर त्यांनी एक उदबत्ती कठड्याच्या फटीत खोचली आणि पेटवली. धूर सुतासारखा सरळ वर गेला. वाकला नाही, थरथरला नाही. खाली गावातल्या चुलींचे धूरही तसेच उभे होते, आणि घरांच्या बऱ्याच वर, एका उंचीवर पोचून आडवे पसरले होते, कुणी दरीवर धोतर वाळत घातल्यासारखे.

ते का, हे केतकीला कुणी सांगायला नको होतं. हिवाळ्याच्या रात्री जमीन थंड होते, तिला लागून असलेली हवा थंड आणि जड होते, उतारांवरून ओघळून दरीच्या तळाशी साचते. वर उबदार हवेचं झाकण बसतं. उंच धुराड्यातून सुटलेला वायू झाकणापर्यंत जातो आणि तिथेच पसरून थांबतो. खाली कुणाला वासही येत नाही. मग ऊन येतं, जमीन तापते, तळची हवा खदखदायला लागते, आणि साडेआठ-नऊच्या सुमाराला वर पसरलेलं ते सगळं एकाच वेळी खाली येतं. झुळूक असती तर तोवर ते दरीबाहेर गेलं असतं. झुळूक नव्हती. ती एका आठ वर्षांच्या मुलीने पाटीवर काढली होती.

“तुम्हाला ठाऊक होतं,” ती म्हणाली.

“एकतीस वर्षांत एकाने तरी उलट विचारलं का मला? मला वाटलं, कुणी वाचत नाही. कपाटात जातंय.” अण्णांनी उदबत्तीची राख बोटाने झाडली. “वाचणारं कुणीतरी निघेल हे मला काय ठाऊक.”

तेव्हा तिने त्यांना उरलेलं सांगितलं. नवं यंत्र शून्यच पाठवतं, पण भरणी शिकली आहे की दरीत शून्य होतच नाही, म्हणून ती त्याला यंत्राचा बिघाड समजते आणि पुसून एक पूर्णांक सात लिहिते. आणि फक्त आंबेदऱ्यात नाही. या नमुन्यावर शिकवलेल्या दऱ्या त्रेचाळीस आहेत.

अण्णा आत गेले आणि दीड पान लिहून बाहेर आले. अक्षर नोंदवहीतल्यासारखं, एक खाडाखोड नाही. मी, सुधाकर विठोबा ढोबळे, कबूल करतो की.

“भिंतीवरचं निर्दोष नोंदीचं प्रशस्तिपत्रक काढून ठेवू का आता?” त्यांनी विचारलं. ते चेष्टेत म्हणाले की नाही, हे तिला कळलं नाही.

*

नाडगौडा मॅडमनी पत्र वाचलं, घडी घातली आणि टेबलावर तिच्या बाजूला सरकवलं.

“हे मी अजून वाचलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “बस. तू काय करून बघितलंस ते आधी सांग.”

केतकीने करून बघितलं होतं. नोंदीतल्या सगळ्या पहाटा तिने पुसल्या होत्या. भरणीला त्या रिकाम्या दिसल्या, आणि भरणीने त्या दोन मिनिटांत भरल्या. एक पूर्णांक सात, एक पूर्णांक सात.

“म्हणजे तिला शिकलेलं विसरायला लावून नव्याने शिकवायला हवं,” मॅडम म्हणाल्या. “त्याला हे पत्र लागेल. पत्र दाखल झालं की तीन महिने. तोवर चालू परवाने चालूच, नियम तसा आहे. तीन महिने म्हणजे सगळी थंडी गेली.”

“तरी चालेल, मॅडम. पुढच्या थंडीला तरी...”

“ऐक. नियमात आणखी एक कलम आहे, कुणाच्या लक्षात नाही. जागेवरच्या अधिकृत निरीक्षकाने स्वतः बघून शून्य कळवलं आणि सहीनिशी खुलासा दिला, तर त्या तासाचा परवाना थांबतो. त्रेचाळीस दऱ्यांत आज निरीक्षक एकही नाही. एक सोडून. तुझ्या वडिलांचा क्रमांक अजून जिवंत आहे. तो रद्द करायचा अर्ज आपल्या लोकांनी केलाच नाही.” त्यांनी पत्रावर बोट टेकवलं. “हे दाखल झालं की त्याच दिवशी रद्द होईल. खोट्या नोंदी करणारा निरीक्षक कोण ठेवील?”

केतकीने पत्र हातात घेतलं.

“मी तुला काही सांगत नाही,” मॅडम म्हणाल्या. “मला आंबेदऱ्यात वडील नाहीत. फक्त मांडून दाखवते. एक दरी आजपासून हातात, नाही तर त्रेचाळीस पुढच्या वर्षी.”

मॅडमचा स्वभाव असा की कुणाच्याही खांद्यावरचं ओझं त्या अचूक वजन करून सांगत, उचलायला हात मात्र लावत नसत.

केतकीने घरी फोन केला. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं.

“खाली शाळा आहे, केतू,” ते म्हणाले. “एकशे बारा पोरं. साडेआठला प्रार्थनेला मैदानात उभी असतात.” मग म्हणाले, “तू सांगशील तसं.”

ती म्हणाली, थंडी ओसरेपर्यंत. माघ संपला की पत्र देऊ.

पत्र तिने ड्रॉवरमध्ये ठेवलं.

*

मग रोजचं सुरू झालं. पहाटे चार, पाच आणि सहाला अण्णा ओट्यावर जात, उदबत्ती लावत, वाट्या बघत आणि मोबाइलवर शून्य भरत. लगेच उलट निरोप येई, शून्य संशयास्पद, यंत्र तपासा, खुलासा करा. पंधरा मिनिटांची मुदत. तेवढ्यात अण्णा गार बोटांनी खुलासा टंकत आणि सही करत. पुण्यात केतकी स्क्रीनपुढे बसलेली असे. त्रेचाळीस ओळींची यादी. बेचाळीस हिरव्या, १.७, १.७. एक तांबडी.

“एकतीस वर्षं जे टाळलं ते आता रोज तीनदा,” अण्णा फोनवर म्हणायचे. “वरच्याचा कारकून फार चिकट असतो बघ.”

ते खोकत होते. “हवेत गारठा आहे,” म्हणायचे. ती म्हणायची, मी येते, मी भरते. पण क्रमांक त्यांचा होता, अंगठा त्यांचा लागत होता.

पौषात यादीतल्या सव्विसाव्या दरीतली बातमी आली. खडकओहळच्या शाळेत प्रार्थनेच्या वेळी एकोणीस मुलं घुसमटून खाली पडली. दोघं परत आली नाहीत. चौकशी झाली. हवेचा तपशील मागवला गेला आणि तो केतकीच्याच टेबलावरून गेला. उत्तरेकडून झुळूक, सेकंदाला एक पूर्णांक सात मीटर, वायू साचण्याची शक्यता नाही. अहवालाने आदल्या दिवशीच्या खिचडीला दोष दिला. खिचडी करणाऱ्या बाईला कामावरून काढलं.

अहवाल आला त्या दिवशी, माघाच्या सुरुवातीला, केतकीने ड्रॉवर उघडला.

“दे पत्र,” अण्णा फोनवर म्हणाले. “बास झालं.”

“एकोणतीस दिवस राहिलेत, अण्णा. दिलं तर आजच्या आज तुमचा क्रमांक जाईल. उद्या सकाळी तुमची एकशे बारा.”

“आणि तिकडची?”

खडकओहळच्या बाईचं नाव अहवालात होतं, सखूबाई धोंडू मेंगाळ, आणि ते तिला पाठ झालं होतं. पण आंबेदऱ्याच्या मैदानावर ती स्वतः उभी राहून प्रार्थना म्हणाली होती. माणूस मोजताना आपल्या अंगणापासून सुरुवात करतो; पुष्कळदा तिथेच थांबतो. तिने ड्रॉवर लावला.

*

अकरा दिवस राहिले होते. पहाटे चारचं शून्य आलं, सहीसकट. पाचचं आलं नाही.

पाच वाजून चार मिनिटांनी केतकीने फोन लावला. वाजत राहिला. पाच वाजून नऊ. वाजत राहिला. आंबेदऱ्याच्या ओळीवर पिवळा ठिपका होता, यंत्राचं शून्य संशयास्पद, निरीक्षकाच्या खुलाशाची प्रतीक्षा. तिने कारखान्याला फोन लावला. पाळीवरचा माणूस अदबीने बोलला. “मॅडम, हिरवा लागला तर मी चालू करणार. हिरव्यावर थांबायचा अधिकार आमच्याकडे नाही.”

पाच वाजून पंधरा मिनिटांनी भरणीने वाट बघणं सोडलं. शून्य पुसलं गेलं. १.७. ओळ हिरवी झाली. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस एका रंगात, बघायला सुरेख.

गोडांबे बाईंचा फोन बंद होता. केतकीने ड्रॉवरमधून पत्र काढलं, त्याचा फोटो घेतला आणि दाखल केला. आता राखून ठेवण्यासारखं काही उरलं नव्हतं. नोंद स्वीकारली, असं उत्तर आलं. अपेक्षित कालावधी तीन महिने. निरीक्षक क्रमांक रद्द.

सात वाजता बाईंचा फोन लागला. तिने त्यांना अण्णांकडे धाडलं; मुलांचं सांगायच्या आत बाई फोन ठेवून धावल्या होत्या. मग खोलीत येरझाऱ्या घालत राहिली. बाहेर ऊन आलं होतं. पुन्हा पुन्हा लावला, पण बाईंनी उचलला नाही. आठ वाजून दहा मिनिटांनी बाईंनीच केला.

“केतकी, घाबरू नकोस. अण्णा ओट्याच्या पायरीवर बसलेत. डोळे उघडे आहेत, पण बोलत नाहीत. हातात फोन तसाच. गाडी बोलावलीय, घाटातून यायला वेळ लागेल. मी त्यांच्याजवळच आहे.”

“बाई, ऐका. मुलांना वर्गात घ्या. सगळ्यांना. दारं-खिडक्या लावा, फटींना ओले कपडे लावा. प्रार्थना बाहेर घेऊ नका.”

“अगं, सगळी पोरं इथेच आलीत अण्णांना बघायला. ओट्याभोवती उभी आहेत. बिचारी रडतायत.”

“आत न्या त्यांना, बाई. वेळ नाही. हवा खाली येईल आता.”

पलीकडे थोडा वेळ मुलांचा आवाज येत राहिला. बाई फोन कानापासून दूर धरून काहीतरी बघत असाव्यात.

“अगं, पण मोबाइलवर तर आपली हवा हिरवी दाखवतेय,” त्या म्हणाल्या. समजूत घातल्यासारखा मऊ आवाज होता त्यांचा. “छान झुळूक आहे म्हणे.”